तीन तसबीह, अकरा मणी

अल कूजच्या गोदामांमागे, सकाळी पावणेसहा,
सदतीस अंश.
हातात मोजणीचं चाक, मीटरमागे एक टिक,
पिशवीत पाण्याच्या दोन बाटल्या,
एक पिण्यासाठी, एक मानेवर ओतायला.

नकाशावर सगळं आधीच झालेलं होतं.
बसथांब्याभोवती चारशे मीटरचं वर्तुळ,
मेट्रोभोवती आठशेचं,
खाडीवरच्या अब्रा-धक्क्यांभोवती फिकट निळी;
कांद्याच्या चकत्या ताटात पडाव्यात
तशी एकमेकांवर चढलेली,
आणि त्यांच्याखाली ब्याण्णव टक्के माणसं
'पोहोचीत'.
उरलेले आठ टक्के शोधायला
मला पाठवलं होतं.

हसीना मुकादम भेटली, ती ब्याण्णवांतली.
"खेडची?"
"खेडच्या खाली, खाडीकाठची. तू गो?"
देऱ्यात दातांच्या दवाखान्यात लादी पुसते.
पायी, मग बस, मग मेट्रो, मग होडी, मग पुन्हा पायी.
माझ्या तक्त्यात याला छान शब्द होता,
तिने तो ऐकून घेतला आणि
चपलेतला खडा काढला.

"दारापासून थांबा किती लांब?"
"तीन तसबीह.
वर अकरा मणी.
ऑगस्टात चार होतात."

मी खाली पाहिलं. चाक म्हणत होतं
अकराशे चाळीस.
संगणक म्हणत होता दोनशे दहा,
कारण संगणकाला कुंपण दिसत नाही,
कुंपणापलीकडचा सहापदरी रस्ता दिसतो
पण तो ओलांडता येत नाही हे दिसत नाही,
आणि पादचारी पूल आहे तिथे,
जिथे कुणीच राहत नाही.
"खोलीच्या खिडकीतून बस येताना दिसते,"
हसीना म्हणाली,
"खाली उतरेपर्यंत जाताना दिसते."

थांब्याला खांब आहे, छप्पर नाही.
म्हणून सगळे अलीकडच्या कडुनिंबाखाली उभे:
एक नेपाळी पहारेकरी, बिस्किट चहात न बुडवता खाणारा,
दोघे पेशावरचे, एकाच छत्रीत भांडणारे,
आणि बस वळणावर आली की
सगळे धावत सुटतात.
झाड कुणी लावलं, कुणाला माहीत नाही.
तक्त्यात झाडाला रकाना नव्हता.

देऱ्याकडे जाताना होडीत
चाक मी मांडीवर आडवं घेतलं.
पाण्यावर ते कसलं फिरणार.
नावाड्याने दिरहम गोळा केले,
हसीनाने तसबीह पर्समध्ये टाकली, चेन ओढली.
"इथे मोजायचं नाय, बाय.
इथे वारा आहे."

शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं: तीन तसबीह, अकरा मणी.
घस्सानने भुवया वर केल्या: हे एकक कुठलं?
सांगितलं. त्याची आजी सैदात तसंच मोजायची म्हणाला,
थोडा वेळ गप्प बसला,
मग तिथे लिहिलं: सोळा मिनिटं.

जानेवारीत थांबा सरकला,
पुलाकडे, साठ मीटर.
ब्याण्णवाचे त्र्याण्णव झाले.
केक आणला होता कुणीतरी, पिस्त्याचा.

मी चाक घेऊन परत गेले.
नव्या थांब्याला बाक होता, स्टीलचा,
सकाळी साडेसहालाच
त्यावर हात ठेवून पाहिला नि काढला.
कडुनिंब मागे, एकटा,
त्याच्या बुंध्याशी चहाचे कागदी पेले अजून.

"आता किती?" मी विचारलं.
"तीनच. अकरा गेले."
"म्हणजे कमी झालं."
हसीनाने माझ्याकडे पाहिलं,
लेकराने चुकीचं बेरीज केल्यावर बघतात तसं.
"ते अकरा चालायचे नव्हते गो.
ते मी झाडाखाली उभी राहून ओढायचे."

बस आली. ती चढली.
मी कडुनिंबाखाली जाऊन उभी राहिले,
चाकाचा आकडा शून्यावर आणला
आणि बराच वेळ
तो शून्यच राहिला.