दंड

चिंचेच्या फांदीला काटा टांगलाय,
काट्याला निळी प्लास्टिकची चड्डी,
चड्डीत एकेक मूल, पाय अधांतरी.
वाऱ्याला म्हणते, थांब रे जरा,
शंभर ग्रॅम तू चोरतोस की घालतोस
ते मला कळत नाही.

इथला वारा तांबडा. दाताखाली येतो.
मादागास्करचं हे दक्षिण टोक, यापुढे निवडुंग आणि समुद्र.

सोआझारा रात्रीच निघाली होती.
पाठीवर फडक्यात तोवो, चौदा महिन्यांचा,
बोटाला फानेवा, सहा वर्षांची,
जिच्या ओठांच्या कोपऱ्यांत अजून राख.
चिंचेचा कोळ राखेत कालवून खाल्ला
की पोटातली ओरड थोडा वेळ बसते.
मीही खाल्लाय, लहानपणी.
चव विचारू नका.

मग पट्टी.
डावा दंड, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये.
हिरवा, पिवळा, लाल,
आणि खिडकीतल्या बाणाखाली लाल.
एकशे आठ मिलिमीटर.
माझ्या अंगठा-तर्जनीच्या कड्यात
हा दंड मावतो, वर जागा उरते.

ती विचारते, माझं काय चुकलं?

दंड कुणाला, हे पट्टीवर लिहिलेलं नसतं.
दोन वर्षं फिरकले नाहीत त्या ढगांना नाही,
कसावा कोठारात दाबून भाव चढवला त्याला नाही,
भिंतीवरच्या तक्त्यालाही नाही,
ज्यावर अंडं आहे, मासा आहे, पपई आहे,
आणि ती विचारते, हे कुठल्या गावात मिळतं?
भरतोय तो हा,
आपल्याच दंडातून, मासाने.

शेजारची पुढे होते : माझा बघा कसा गुबगुबीत!
मी त्याच्या पावलावर अंगठा दाबते, तीन मोजते, उचलते.
खड्डा तसाच.
बाई, हे बाळसं नव्हे.
ती हसत होती. तिचं हसू मी काढून घेतलं
आणि दोघांना गाडीत बसवलं.

तोवोची परीक्षा बाकी आहे.
पुडीचा कोपरा फाडते : शेंगदाणा, दूध, साखर, तेल.
खाल्लं तर घरी न्यायचं, दर आठवड्याला यायचं.
नाही खाल्लं तर भूकच मेलेली,
आणि भूक मेलेल्याला घरी पाठवता येत नाही.

जन्मभर तिला शिव्या घातल्या आम्ही या वाळूत.
आणि इथे मी गुडघ्यांवर, बोट चिकट,
तिलाच हाक मारतेय :
ये गं बाई. जिवंत अस.

तो तोंड फिरवतो.
परत फिरवतो.
फानेवा पुडीकडे बघते, तोंडात नसलेलं काहीतरी गिळते,
मग बोट पुढे करते. चाटायला नव्हे.
त्याच्या खालच्या ओठाला हलकेच लावते,
खेळताना लावत असेल तसं.
जीभ बाहेर येते.
आत जाते. पुन्हा येते.
सोआझाराने श्वास सोडला तेव्हा कळलं
की मघापासून तिने तो धरून ठेवला होता.

चौदा पुड्या मोजून दिल्या.
हे औषध आहे, त्यालाच द्यायचं, वाटून खायचं नाही,
रिकाम्या पुड्या परत आणायच्या.
ती मान डोलावते. मीही डोलावते.
घरी तीन पोरं आहेत, हे दोघींना माहीत आहे.

आवरताना फानेवा समोर येऊन उभी,
बाही वर, डावा दंड पुढे.
पाचाच्या वर पट्टी नाही, पोरी.
वहीत तुझा रकानाच नाही.
ती हात खाली घेत नाही.

गुंडाळली मग.
रंग तिने पाहिला, मी पाहिला,
आणि वारा आला म्हणून दोघींनी डोळे मिटले.