मागची दोन

शंभर फुटी रस्त्यावर, जमादारांच्या दुकानात
चारही चाकं काढून माझी गाडी
लाकडी ठोकळ्यांवर बसवली आहे.
पत्री ठोकायला आडवा पाडलेला बैल जसा,
मुकाट, एक डोळा उघडा.

सिकंदर जमादार जुन्या टायरवर तळवा फिरवतात,
आतून बाहेर, मग बाहेरून आत.
गाभण गाईच्या कुशीवर मी असाच हात फिरवते
आणि मालकाकडं न बघता बोलते.
तेही बघत नाहीत.
"आतल्या कडेनं खाल्लंय. अलाइनमेंट गेलंय कधीचं.
ह्यो मधनंच झिजलाय, हवा जास्त भरता.
आन ब्रेक उशिरा मारता तुम्ही, डॉक्टरीणबाई."
एवढं तर घरीही कुणाला ठाऊक नाही.

खाचेत रुपया उभा धरला त्यांनी.
जवळजवळ सगळा वरच राहिला.

मग विचारलं, "फिरणार कुठं?"

फळीवर दोन टायर शेजारी शेजारी.
एकाच्या खाचा खोल, पाणी दोहों बाजूंना फेकणाऱ्या,
शिराळ्याच्या लाल चिखलासाठी,
भाताच्या बांधाला बांधलेल्या, खुरं कुजलेल्या म्हशींसाठी.
दुसऱ्याची कूस जाड,
जतचा मुरूम, बाभळीचा काटा
आणि मैलभर सावली नसलेला डांबराचा तवा सोसणारी.
आमचा जिल्हाच असा.
एका टोकाला छत्री वाळत नाही
आणि दुसऱ्या टोकाला छत्री उन्हासाठी.
माझ्या बदलीचा कागद पुण्यात
कुणाच्या तरी टेबलावर पडून आहे.
पसंतीच्या रकान्यात दोन्ही नावं लिहिली मी,
आधी एक, मग खोडून दुसरं, मग परत.
घरी अजून एकही सांगितलेलं नाही.

"दोन्हीकडं चालेल असं काही?"
"असतंय की," जमादार म्हणाले,
"पर ते दोन्हीकडं निम्मंच चालतंय."

चहा आला. बाहेरून उसाची ट्रॉली गेली,
कपातला चहा थरथरला.

पोऱ्यानं डिकीतून स्टेपनी काढली.
एकदाही रस्त्याला न लागलेली,
अंगावरची रबरी लव अजून तशीच,
आठ दिवसांच्या वासरासारखी.
मी म्हटलं, ही तरी शाबूत आहे.
जमादारांनी कडेचे चार आकडे दाखवले,
आठवडा आणि साल. मनात वजाबाकी केली.
माझी नोकरी लागली तेव्हाची निघाली.
"नखानं दाबा."
दाबलं. बारीक चिरा उघडल्या
खुंटीवर टांगून ठेवलेल्या चामडी पट्ट्यासारख्या.
"न पळताबी म्हातारं होतंय रबर," ते म्हणाले,
आणि बशीत उरलेला चहा पिऊन टाकला.

पैसे दोनापुरतेच होते.
"दोनच घाला. जाड कुशीचे."
माझा आवाज मलाच मोठा वाटला.
पर्समधला फोन आहे तिथंच राहिला.
"आणि पुढं बसवा."
"मागं."
"नवे मागं?"
"सगळी पुढं घाला म्हणत्यात.
पुढचं घसरलं तर हाताला कळतंय, बाई,
स्टेअरिंग हलकं लागतंय, माणूस सावध हुतं.
मागचं घसरलं की कळंस्तवर
गाडीनं तोंड फिरवलेलं असतंय."

पान्याचा आवाज होत राहिला.
एकेक नट, समोरासमोरचा, आळीपाळीनं.
कुणाच्या घरात असं आवळतात
एक इकडचा, मग त्याच्यासमोरचा?

पावती फाडताना पोऱ्यानं स्टेपनी
भंगाराच्या ढिगाकडं लोटली.
"ती राहू द्या. डिकीत टाका."
जमादारांनी पहिल्यांदा वर बघितलं.

उमदीला एक बाई आहे, तायव्वा,
मागं कॅम्पला गेले तेव्हा भेटलेली.
तिची कालवड रोज पाण्याची बादली लवंडते.
टायर आडवा टाकून त्यात बादली बसवली
की लाथेनं हलत नाही.
तिथं पाणी सांडून चालत नाही.

हवा किती, तेवढं त्यांनी पावतीमागं लिहून दिलं.