रुमाल

पेटी उघडली की आधी आवाज येतो,
मग ऊब, मग एक दिवसाची पिल्लं.
शंभराची पेटी, वर दोन जास्तीची.
डॉक्टर रेवणकर म्हणाल्या,
ह्यांची आतडी म्हणजे स्टँडवर नुकतीच लागलेली
कोल्हापूर-वैभववाडी.
अजून कुणी चढलेलं नाही.

मला एवढं पुरलं.
खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणं
शाळेपासून येतंय.

आधी गुलाबी पावडर असायची.
आजार असो नसो, पाण्यात एक झाकण.
पाणी सरबतासारखं दिसायचं.
शेड शांत, वजन चोख,
आम्हीही शांत.

मग हिरा आत्तींना लघवीला जळजळ,
ताप उतरेना. लॅबचा कागद मी वाचला:
औषधांची नावं उभी, समोर आर, आर, आर.
तिसरं नाव ओळखीचं निघालं.
शेडमधल्या फळीवर होतं ते, दोन किलोच्या डब्यात.
इथूनच तिथं गेलं, असं कुणी म्हणालं नाही.
मीही म्हणत नाही.
डबा तेवढा फळीवरून काढला.

आता आदल्या रात्री पिंप भरून उघडं ठेवते.
यवलूजच्या टाकीचं पाणी, क्लोरीन उडायला पाहिजे,
नाहीतर रुमालच जळायचा.
पहाटे त्यात दळव्यांच्या गुऱ्हाळातला गूळ
मुठीएवढा, आणि पुडीतली पांढरी भुकटी.
जिवंत आहे म्हणतात. दिसत तर काही नाही.
विरजणातही दिसत नाही म्हणा.

पहिल्या बॅचला चौदाव्या दिवशी हगवण लागली.
एक्केचाळीस गेली.
कंपनीचा सुतार सुपरवायझर हसला,
"ताकावर कोंबड्या पाळताय काय वहिनी?"
मी खड्ड्यात चुना टाकत होते.
उत्तर दिलं नाही.
भुसा ओला राहिला होता, चूक माझी.
जागा धरली तरी गाडी झाडावी लागते.

ही तिसरी बॅच.
सकाळी उकिडवी बसून विष्ठा बघते,
घट्ट, वर पांढरी टोपी.
टोपी दिसली की मग चहा ठेवते.

आत्ती आता बऱ्या आहेत.
कागदावर तळाला एकच एस होता,
त्याची सात इंजेक्शनं लागली.
दारात बसून विचारतात,
"बसली का गं समदी गाडीत?"

"बसली असतील," मी म्हणते.
आज अकरावा दिवस.
घाट अजून लागायचाय.