धागा तुटल्याची खूण

पहिलीत बाईंनी विचारलं, "मुकी आहेस का गं?"
मी नाकाला बोट लावलं.
आमच्या तेलुगूत मुक्कु म्हणजे नाक.
अख्खा वर्ग हसला.
मग दिवाळीपर्यंत तोंड उघडलं
ते फक्त डबा खायला.

घरी सांगायची सोय नव्हती.
भद्रावती पेठेत पुढच्या खोलीत चार माग,
मागच्या खोलीत आम्ही पाच जण,
आणि मधे दार नाही.
नान्ना ओठ वाचायचा, बोटांनी बोलायचा.
मिशीला पीळ, म्हणजे सावकार आला.
दोन बोटं जुळवून झटक्यात दूर,
म्हणजे धागा तुटला, माग थांबव.
चादरीवर मोर उतरायचा
कुणी चकार शब्द न काढता.

लाईट गेली की गल्ली उघडी पडायची.
सगळे ओरडत असायचे, तसेच सापडायचे.
"या माणसाशी जन्मात बोलणार नाही"
हे अम्माचं वाक्य असंच
पोशम्माच्या ओट्यापर्यंत गेलं.
अकरा दिवस ती बोलली नाही.
लाईट आली होती, त्यामुळं
नान्नाला ते नवव्या दिवशी कळलं.
अबोला हा शब्द मला पुढं मराठीच्या तासाला भेटला.
ओळख आधीचीच.

माग भंगारात गेले, किलोवर.
त्या रात्री कुणालाच झोप येईना.
नान्ना उठून उठून कान झटकत होता,
पाणी गेल्यासारखे.

या मार्चात त्याची वाचा गेली.
पाहुणे येतात, खुर्ची ओढतात,
त्याच्याशी मोठ्यानं बोलतात
आणि माझ्याशी हळू, "आता काही खरं नाही."
तो त्यांच्या ओठांकडं बघत असतो.
मी सांगत नाही त्यांना.

मी आता मराठीच शिकवते.
मुका म्हणजे न बोलणारा, मुका म्हणजे पापी,
हे सांगताना सातवीची पोरं बाकाखाली जातात.
मागं एक मुलगी कधीच हसत नाही.
तिला मी काही विचारत नाही.

काल रात्री दोनला त्यानं मला हलवलं.
दोन बोटं जुळवली, झटक्यात दूर केली.
मी घाबरून नळी बघितली, सुई बघितली,
छातीला कान लावला.
तो मान हलवत राहिला, चिडून,
आणि बोट पांघरुणाकडं.
चादरीच्या काठाला
खरंच एक धागा निघाला होता.

दिवा लावून मी गाठ मारली.
त्यानं अंगठ्यानं चाचपली, बराच वेळ.
मग माझ्याकडं बघितलं.
सोड. परत बांध.