अर्ध्यातून

माशेलची बस डोळ्यांदेखत गेली.
पुढची पाऊण तासाने.
मामंजींच्या एका डोळ्यावर हिरवी पट्टी,
मोतीबिंदू काढून दोन रात्रीही झाल्या नव्हत्या.
म्हटलं, सावलीत बसू कुठेतरी,
तर म्हणाले, त्या दाराकडे ने.

दार कसलं.
दोन काळे खांब, वर एक आडवी शिळा,
मागे गवत, गवतामागे माड.
राजवाडा कुणी कधी उचलून नेला
विचारायला माणूस नाही.
पर्यटकांच्या गाड्या सगळ्या पलीकडे, चर्चपाशी;
इथे एकटा राखणदार, सांतान,
चपला काढून मोबाइलवर फुटबॉल बघत.

मामंजी च्यारी. पन्नास वर्षं दारंच केली,
देवळांची, बारची, एका मंत्र्याच्या गॅरेजचंही.
कोरलेल्या वेलीकडे त्यांनी पाहिलंच नाही.
वाकू नका म्हणाले होते डॉक्टर,
हे उकिडवे बसले उंबऱ्याशी,
पाचोळा सारला, बोट घातलं
दगडातल्या उखळीत.
"हांगा कुसू फिरतालो दाराचो."
मग सरकत सरकत दुसऱ्या टोकाला. तिथेही बोट.
बराच वेळ.

"नदीकडची झिजलीय. वाटीसारखी गुळगुळीत.
हिच्यात अजून टाकीचे घाव लागतात हाताला."
म्हणजे?
"म्हणजे एकच झडप उघडायचे.
पाणी आणणारे, भाजीवाल्या, हिशेबाच्या वह्यावाले,
सगळे अर्ध्यातून.
पुरं दार कधीतरी."

आमचं घरचं दार, त्यांनीच केलेलं, फणसाचं.
त्याची एक झडप मी आल्यापासून
दोनदा उघडलेली:
माझं माहेरचं कपाट आत घेताना,
आणि सासूबाईंना नेताना.
तेव्हा वरची कडी गंजून बसली होती,
खांदेकरी खोळंबलेले,
आणि हे स्टुलावर चढून
खोबरेल सोडत होते, थेंब थेंब,
घाई नसल्यासारखे.

मी काही बोलले नाही.
सांतान एकदम ओरडला, गोल झाला असावा.
बसची वेळ झाली.

मामंजींनी बोट लेंग्याला पुसलं,
माझा हात सोडला,
आणि त्या सताड मोकळ्या चौकटीतून
नदीच्या बाजूने आले, अंग चोरून,
एक हात जरा पुढे धरून,
लावलेल्या फळीला खांदा लागू नये
तसे.