डावा कोपरा

लेवोचा गावात, जुन्या तटाला पाठ लावून,
मधमाशीपाळांच्या संघाचं कार्यालय आहे.
म्हणजे एक खोली, एक लोखंडी शेगडी,
आणि झेल्मीरा कुबालोवा यांचा कॉम्प्युटर,
ज्याच्या बाबतीत कंपनीनं
गेल्याच्या गेल्या वर्षी हात वर केले.

मी खिशात पेनड्राइव्ह घेऊन गेलो.
बुटांचा बर्फ पायपुसण्यावर झटकत म्हटलं,
नवी ऑपरेटिंग सिस्टीम आहे, फुकट आहे,
हेच यंत्र पुन्हा पळायला लागेल.
दारावर कुणी फारच स्वस्त गालिचा विकायला यावा
तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

फुकट कसं?
या प्रश्नाला माझ्याकडे पाऊण तासाचं उत्तर आहे.
मी ते दिलं.
मधे दोनदा त्यांनी शेगडीत लाकूड सारलं.

बरं, नुसतं बघा, म्हटलं. काही पुसत नाही.
पाहुण्यासारखं येईल, पाहुण्यासारखं जाईल.
निळा पडदा राखाडी झाला.
त्यांनी चष्मा नाकावर चढवला, माउस धरला,
आणि बाण सरळ गेला
खाली, डाव्या कोपऱ्यात.
तिथं काही नव्हतं.
वर आहे, मी म्हटलं, इथं, वर.
हो, त्या म्हणाल्या,
आणि बाण पुन्हा खाली, डाव्या कोपऱ्यात.

मी हसलो असेन. थोडंसंच.

माउस सोडून त्यांनी हात मांडीवर ठेवले.
म्हणाल्या, या गल्लीचं नाव तीनदा बदललं.
मी इथंच होते. पाटी लावणारे शिडी घेऊन आले
आणि माझ्या कुंपणाला शिडी टेकवून गेले.
एका रात्री झोपले, सकाळी देश अर्धा होता.
माझी नणंद त्या सकाळपासून परदेशात राहते,
तिनंही घर बदललेलं नाही.
शाळेत रशियन शिका म्हणाले, शिकले.
मग विसरा म्हणाले. तेही जमवलं, जवळजवळ.
कोरुना गेली, युरो आला,
अंड्यांचा भाव मी अजून मनात गुणून बघते.
कुणी विचारलं नव्हतं, झेल्मीरा, चालेल का?

आज तू विचारतोयस.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा.
तर मग, नाही.

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं,
पाऊण मिनिटाचंही.
मी पेनड्राइव्ह काढला. कॉम्प्युटर
कण्हत कण्हत पुन्हा निळा झाला,
आणि कोपऱ्यातलं ते बटण दिसताच
त्यांचा खांदा दोन बोटं खाली उतरला.
मला तो खांदा अजून दिसतो.

निघताना त्यांनी लिंडनच्या मधाची बरणी दिली.
दारात उभ्या राहून, रागानं नव्हे, म्हणाल्या,
माश्यांची पेटी दहा पावलं सरकवलीस ना,
तर संध्याकाळी सगळ्या जुन्या जागी परततात.
तिथं पेटी नसते. हवा असते.
त्या हवेतच घिरट्या घालतात,
थकतात, गवतात पडतात.
पेटी न्यायची तर पाच कोस लांब न्यावी,
की सगळंच अनोळखी, मग त्या मुकाट्यानं शिकतात.
नाहीतर रोज एक हात.
दहा पावलं कधी नाही.

मी पायऱ्या उतरलो होतो. परत चढलो.
नुसता पत्रं लिहायचा प्रोग्रॅम बदलला तर?
बाकी सगळं जागच्या जागी.
एक हात? त्यांनी विचारलं.
एकच हात.
कोपरा हलणार नाही?
नाही हलणार.

त्यांनी तटावरच्या बर्फाकडे पाहिलं,
मग मागे, खोलीतल्या पडद्याकडे,
तिथं सभासदांची यादी अजून उघडत होती.

बघू, म्हणाल्या. मार्च येऊ दे.
थंडीत पेटी उघडत नाहीत.