बेसांव

दर शनिवारी मी इगर्जीत जाते,
सांक्रिस्तीतलं जुनं चित्र पुसायला.
कोरडं फडकं, हलका हात.
पाद्री म्हणतात, पाणी लावू नको रेजिना, रंग सुटेल.
कुणी काढलं, कुठल्या गलबतातून वेंगुर्ल्यात उतरलं,
त्यांनाही ठाऊक नाही.
पावसाळ्यात त्याला बुरशी येते,
फसलेल्या लोणच्यावर येते तशी, पांढरी, केसाळ.

सगळा काळोख. एकीकडून उजेड येतो
आणि फक्त म्हाताऱ्यावर पडतो,
त्याच्या उशीवर, मिटल्या पापण्यांवर,
पुढे केलेल्या बोटांवर.
इसहाक आंधळा. बोटं चाचपताहेत
याकोबाच्या मनगटाला बांधलेलं करडाचं कातडं.
खाटेखाली कुत्रा. तिवईवर मटणाचं ताट,
निम्मं काळ्या व्हार्निशात बुडालेलं.

आणि अगदी कडेला, लाल पडद्यापाशी, ती.
रिबेका. नुसतं नाक दिसतं, आणि एक हात
मुलाच्या पाठीला टेकलेला.
ढकलतेय की सावरतेय?
तिच्यावरची धूळ मी आधी काढते.

कैतानचे डोळे काचबिंदूनं गेले, मग किडन्या.
शेवटच्या आठवड्यात एकच धोशा:
बास्त्यांव खंय? बास्त्यांवाक हाड.
बास्त्यांव ट्रॉलरवर. वादळ, सहा दिवस वायरलेस मुका.
बंदरावरच्या बायका
माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागल्या होत्या.

इनास कुडाळच्या बँकेत. नोटा मोजणारी बोटं,
पाळण्यात होती तितकीच मऊ.
त्याला मागीलदारी नेलं.
काथ्यानं तळवे घासले, रक्त येईस्तोवर.
वर मीठ. मग बांगडे धुतलेलं पाणी.
ओरडला नाही. एवढंच म्हणाला, आये, पुरे.
थोरल्याचा डिझेलच्या वासाचा शर्ट घातला त्याला.

कैताननं हात धरला. उलटा केला. हुंगला.
खूप वेळ गेला.
'हात बास्त्यांवचे,' म्हणाला, 'उसासो इनासचो.'
आणि तरी हात उचलून
डोक्यावर ठेवला, बेसांव दिलं.
कोणाला दिलं, ते त्याच्याबरोबर गेलं.

बास्त्यांव तिसऱ्या दिवशी आला.
दाढी वाढलेली, हातात बापासाठी सुरमई.
मेणबत्त्या पाहिल्या,
धाकट्याचे पट्टी बांधलेले तळवे पाहिले.
'आये, माका बेसांव उरला काय गे?'

चित्रात एसाव नाही.
रानातून परत येत असेल, खांद्यावर शिकार,
अजून काही ठाऊक नसलेला.
चित्रकाराचं बरं असतं.

मी सुरमई घेतली. खवले काढले.
शेजारीण म्हणाली, आज चूल नको. पेटवली.
तिरफळं घालून कालवण केलं,
दोघांना एकाच ताटात वाढलं.
इनासला घास धरता येईना.
बास्त्यांवनं तुकडीतला काटा काढला,
ताट त्याच्याकडे सरकवलं.
बोलला नाही.
अजूनही तसा फारसा बोलत नाही.